खडूचा आकडा

सोहारला, महिन्यातल्या दुसऱ्या शुक्रवारी
मराठी उपासनेला मिळतो एक तास.
मल्याळी बाहेर पडत असतात, तमिळ दाराशी थांबलेले,
मधल्या त्या तासात
आम्ही एकोणीस माणसं आणि एक खोकणारा एसी
देवाच्या सार्वकालिक संकल्पावर बोलतो.

भिंगारदिवे अंकल स्टोअरकीपर,
त्यांना सगळं आधी लिहिलेलं आवडतं.
डोंगर नव्हते, समुद्र नव्हता, म्हणतात,
तेव्हाच यादी तयार होती.
आणि चष्म्यावरून बघतात,
जणू आमच्यातले किती स्टॉकमध्ये ते मोजताहेत.
इस्पितळातली रत्नमाला सिस्टर विचारते,
मग पहाटे तीनला मी ज्याच्या छातीवर दाब देत असते
तो कुणाच्या यादीविरुद्ध?
अंकल पाणी पितात.
चहा येतो.

मी बोलत नाही.
मी वेल्डिंगच्या एक्स-रे फिल्म वाचतो,
काळोख्या खोलीत, पेटलेल्या काचेवर.
पाइपातून अजून थेंबही वाहिलेला नसतो
आणि मला दिसते त्याची फुटायची जागा,
केसाएवढी.
ती रेघ मी ओढलेली नसते. मी फक्त आधी बघतो.
हे एकदा सभेत सांगावंसं वाटलं होतं,
की आधी दिसणं म्हणजे घडवणं नव्हे.
पण मग कुणीतरी विचारलं असतं,
तू इथे कसा आलास?

अकरा वर्षांपूर्वी, भोसरीत, एजंटच्या शेडमध्ये
चाळीस जणांची ट्रेड टेस्ट.
मी आणि शांतवन, एकाच पोटचे, एकाच दिवसाचे,
तो बारा मिनिटांनी थोरला.
त्याचा हात असा की धातू जुळताना
माशाच्या खवल्यांसारखी ओळ पडायची.
माझी प्लेट म्हणजे मुंग्यांचं वारूळ.
ज्याने त्याने आपला आकडा खडूने टाकलेला:
त्याचा सतरा, माझा अठरा.
इन्स्पेक्टर जेवायला गेला.
मी अंगठ्याला थुंकी लावली.

त्या अंगठ्यात कोण होतं?
त्याने मला पोटात असतानाच निवडलं असेल
तर चोरी कसली, मी फक्त आज्ञा पाळली.
मीच निवडलं असेल
तर तो तेव्हा काय करत होता,
खडूची भुकटी बघत?
दोन्ही उत्तरांवर मला झोप लागते,
वेगवेगळ्या कुशीवर.

(हात कच्चा निघाला म्हणून तिसऱ्याच वर्षी
कंपनीने मला वेल्डिंगवरून उठवून फिल्मपुढे बसवलं.
देवाला विनोद कळतो,
याबद्दल आमच्या मंडळीत मतभेद नाहीत.)

परवा शांतवनचा फोन.
पोरीचं लग्न ठरलंय, श्रीरामपूरला.
पैशांचं बोलून झालं, उन्हाचं झालं.
मी म्हणालो, एक सांगायचंय, भोसरीतलं.
तो म्हणाला, सतरा-अठराचं?
मागे कुकरची शिट्टी झाली.
"माझ्या साताला मधे आडवी रेघ असते, शाळेपासून.
बिनरेघेचा सात दिसला तेव्हाच कळलं."
मग बोलला का नाहीस?
"बोलणार होतो. तोंडही उघडलेलं.
मग म्हटलं, जाऊ दे याला."

जाऊ दे.
हिशेबात मी देव धरला होता, स्वतःला धरलं होतं,
शेडच्या कोपऱ्यात तोंड उघडून मिटणारा माणूस
धरलाच नव्हता.
अकरा वर्षं ज्याच्या इच्छेबद्दल भांडलो
ती या दोघांचीही नव्हती, किंवा तिघांची होती,
मला नीट मांडता येत नाही.
अंकलना विचारलं तर ते पाणी पितील.

आज रात्रपाळीच्या चौथ्या फिल्मवर एक रेघ आहे,
असेल-नसेल अशी.
ठेकेदाराचा माणूस दाराला टेकून म्हणतो,
ओरखडा आहे रे, सोड, उद्या दाब चढवायचाय.
मी कानावरची पिवळी पेन्सिल काढतो.
मी काय लिहिणार, हे कुणाला तरी
डोंगर नव्हते तेव्हापासून ठाऊक असेल.
मला अजून नाही.
मी काच पुसतो,
पुन्हा वाकून बघतो.